डावी खुर्ची

आजोबांनी बाबांच्या हातात आधी कानस दिली.
वागळे इस्टेटची शेड, मे महिना,
व्हाइसमध्ये आवळलेला लोखंडाचा ओबडधोबड तुकडा.
"सहाही बाजू सपाट कर. मग बोलू."
बाबा तेव्हा चौदा वर्षांचे.
सुट्टी संपली, ठोकळा संपला नाही.
दिवाळीत झाला एकदाचा, तोही एका कडेला केसभर कललेला.
पुढे तो उड्डाणांच्या वहीवर बसून राहिला,
चरईतल्या आमच्या खिडकीचा वारा
पानं उलटू नये म्हणून.

कॅप्टन श्रीरंग टिपणीस.
खांद्यावर चार पट्ट्या
आणि खिशात जांभळी नाक्यावरून आणलेले वायसर.
धुवायला टाकलेल्या शर्टातून ते टाकीत खळखळायचे,
आई म्हणायची, "आकाशात काय हवं ते करा,
माझ्या मिक्सरला हात लावलात तर बघा."

स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला,
मूठ कानामागच्या हाडाला,
डोळे मिटलेले.
असं ऐकलं त्यांनी फणसेकाकूंचं शिलाई मशीन,
तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांचा कॉम्प्रेसर,
लिफ्टची मोटर, जिला कंपनीचा माणूस "म्हातारी झाली" म्हणून गेला होता.
"म्हातारी नाही. तहानलीय."
फी एक कप चहा, तोही अर्धाच प्यायचे.

मी सहा वर्षांची, तापाने फणफणलेली,
तेव्हा तो स्क्रूड्रायव्हर माझ्याही पाठीला लागला.
"अहो, मुलगी आहे ती!"
"माहितीये. उजवीकडे घरघर आहे."
सकाळी डॉक्टरही तेच म्हणाले.
मला अजून आठवतं ते टोक, थंड,
आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला ते.

को-पायलट होते तोवर उजवीकडे बसायचे.
खाडीवरून पश्चिमेला उतरताना
उजव्या हाताला ठाणं यायचं,
दिव्यांच्या मधोमध मासुंद्याचा काळा चौकोन,
त्यावरून बोटानं मोजत आमची गल्ली.
"आज गच्चीवर चादर राहिली होती," घरी आल्यावर सांगायचे.
आई म्हणायची, "थापा."
पण चादर असायची.

मग कॅप्टन झाले. पेढे वाटले.
कॅप्टनची खुर्ची डावी.
घर त्या पोराच्या खांद्याआड गेलं.
कधी कधी विचारायचे म्हणे त्याला,
चाकं उतरल्यावर, सगळं नीट असलं तर:
"तलाव दिसतोय?"

गॅदरिंगला मी मोर.
पिसाऱ्याला छत्रीच्या जुन्या काड्या,
दोरी ओढली की सगळ्या एकदम उघडणार.
तीन रात्री बसून केला होता.
मी दोरी ओढली. टाळ्या पडल्या.
आईशेजारच्या खुर्चीवर फक्त तिची पर्स होती.

रात्री एकला आले. बूट हातात.
"उघडला?"
"उघडला."
"आवाज आला?"
"थोडासा."
"तेल द्यायला हवं होतं."
मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

ती वही मी खूप नंतर वाचली.
त्या तारखेला त्यांचं बारीक, सरळ अक्षर:
नागपूर. फेरी मारताना चाकाजवळ थेंब.
हायड्रॉलिक. तीन तास पन्नास मिनिटं उशीर.
प्रवासी नाराज.
आणि समासात, पेन्सिलीने, एक मोर.
मोर म्हणजे काय, छत्रीच्या काड्याच,
आणि जिथे त्या एकत्र येतात तिथे
बाण दाखवून: तेल.

परवा नागपूरहूनच येत होते.
काउंटरवरच्या मुलीकडे उजवी खिडकी मागितली.
ढग नव्हते. चाकं उतरली, पायाखाली धक्का बसला,
दिवे, दिवे, एवढे टॉवर आता,
आणि मध्येच नखाएवढा काळा चौकोन.

"तलाव," मी म्हणाले.
शेजारच्या बाईंनी कानातलं काढलं.
"काय म्हणालात?"
तोवर तो पंखाखाली गेला होता.